रुग्णाच्या बाजूने बोलणारा पदवीधर

पदवीचा निकाल लागला की शेतकऱ्याच्या घरात पहिले चार दिवस पेढ्यांचे आणि पाचव्या दिवसापासून काळजीचे. मुलगा बी.ए. झाला, मुलगी बी.एस्सी. झाली, आता पुढे काय? वडील म्हणतात स्पर्धा परीक्षा दे, मामा म्हणतो बी.एड. कर, शेजारी म्हणतात पुण्याला जाऊन काही तरी बघ. अशा वेळी मुलीने हळूच म्हटले, 'मला दवाखान्याशी संबंधित काही तरी करायचे आहे,' तर घरातून एकच उत्तर येते, 'ती गाडी बारावीलाच सुटली.' आरोग्याचे काम म्हणजे डॉक्टर, फार तर नर्स किंवा औषधाचे दुकान, अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे, आणि ती सोडली तर आपल्या मुलांना एक नवी वाट दिसेल, हे आज तुम्हाला सांगायचे आहे.

मी शेतकी खात्यातला विस्ताराचे काम करणारा माणूस. बियाणे, खते, किडी-रोग सोडून हा आरोग्यावर का बोलतो, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. खरिपाच्या तोंडावर कर्जाची चौकशी करायला आलेल्या शेतकऱ्याशी चार गोष्टी बोलल्या, की पुष्कळदा कळते की त्याची थकलेली बाकी बियाण्याची किंवा खताची नाही, दवाखान्याची आहे. पावसाने दगा दिला तर पंचनामा होतो, पिकाला विमा असतो. पण आईच्या शस्त्रक्रियेसाठी बैलजोडी विकली, तर तो तोटा आमच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. २०१३-१४ साली हेच प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण ओझे अजून मोठे आहे.

सवलत आहे, पण वाट कोण दाखवणार?

यातली दुखरी गोष्ट अशी, की खिशातून गेलेला सगळाच पैसा जायला हवा होता असे नाही. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. राज्यातील सर्व कुटुंबांना ती खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ठरवून दिलेल्या आजारांवर, योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात, पैसे न भरता उपचार, असे तिचे स्वरूप आहे. त्याखेरीज धर्मादाय विश्वस्त संस्थांची जी मोठी रुग्णालये आहेत, त्यांना २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, पण नियम कायम आहे.

आता पाहा. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या वडिलांना जीपमध्ये घालून मुलगा शहरात पोचतो. समोर जे रुग्णालय दिसेल तिथे शिरतो. ते योजनेत आहे का, धर्मादाय आहे का, शिधापत्रिका कुठे दाखवायची, कोणाला विचारायचे, यातले त्याला काही ठाऊक नसते. काउंटरवर 'आधी अनामत भरा' म्हटले की तो गावाकडे फोन लावतो आणि सकाळी सोने गहाण पडते. गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्यात म्हणतात. अक्कल असते हो, पण त्या वेळी ती चालवायला सवड नसते. म्हणूनच त्याच्या शेजारी उभा राहणारा, डोके शांत ठेवणारा आणि नियम माहीत असलेला माणूस लागतो.

अशा माणसाला आपल्याकडे कोणी रुग्णमित्र म्हणतात, कोणी आरोग्यहक्क कार्यकर्ता म्हणतात. जुना मराठी शब्द वापरायचा तर रुग्णाचा कैवारी. इंग्रजीत या कामाला हेल्थ ॲडव्होकसी असे नाव आहे. न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात १९८० साली या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे हे काम केवळ दयाबुद्धीने करायचे नसून, शिकून, नीट तयारीने करायचे आहे, हे तिथे चार दशकांपूर्वीच मान्य झाले. आपल्याकडे अगदी त्याच नावाची पदवी शोधू गेलात तर बहुधा निराश व्हाल. पण त्या कामाची तयारी करून देणारे अभ्यासक्रम आपल्याकडे त्याच्याही आधीपासून आहेत.

विस्तार कार्यकर्त्याच्या कामाशी याची तुलना करून बघा. कृषी विद्यापीठात संशोधन होते आणि शेतकरी बांधावर असतो. दोघांच्या मध्ये आम्ही. विद्यापीठाची शिफारस शेतकऱ्याच्या भाषेत सांगायची आणि शेतकऱ्याची अडचण विद्यापीठाच्या कानावर घालायची. ही दुसरी बाजू पुष्कळजण विसरतात. रुग्णाच्या कैवाऱ्याचे कामही असेच दुहेरी आहे. डॉक्टरचे म्हणणे रुग्णाला समजेल असे सांगायचे, आणि रुग्णाचे गाऱ्हाणे रुग्णालय, पंचायत समिती, मंत्रालय, वेळ पडली तर न्यायालय, यांच्यापर्यंत पोचवायचे. डॉक्टरशी भांडण काढणे हे त्याचे काम नव्हे. चांगल्या डॉक्टरला असा माणूस हवाच असतो.

या कामाला तीन प्रकारची ताकद लागते. ती कोणती, हे घडलेल्या गोष्टींवरूनच पाहू.

कायदा जाणणारा

१९९२ च्या जुलै महिन्यात पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेले. कुठे सोय नाही, कुठे खाट रिकामी नाही, असे म्हणत सगळ्यांनी पुढे पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार करावे लागले. आपल्याकडे असे झाले, की 'नशीब' म्हणून गप्प बसतात. पण तो शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद होता. संघटना त्याच्यासह थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली निकाल लागला. तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की तो निकाल आज देशातल्या प्रत्येक रुग्णाच्या उपयोगी पडतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण पायरी न चढताही कायदा उपयोगी पडतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची १७ कलमी सनद तयार केली. आजाराची आणि उपचाराची माहिती मिळणे, केसपेपरच्या प्रती मिळणे, दर आधी कळणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येणे, बिलाच्या वादापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणे, अशी ही कलमे आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावायला सांगितले आहे. भिंतीवरचा तो कागद कोणी तरी वाचून शांतपणे दाखवला, तर पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

मोजणारा

दुसरी ताकद मोजणीची. १९८४ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतले, आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. तेथील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून राणीताईंनी १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. बायका सोसतात हे सर्वांना ठाऊक होते. पण 'सोसतात' या शब्दाने सरकार हलत नाही, ९२ या आकड्याने हलते. पुढे याच संस्थेने गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले, आणि त्यांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्यावर बालमृत्यू किती घटले ते मोजून दाखवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी येऊन बाळ तपासतात, त्याचे मूळ या कामात आहे.

दुसरे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी तुम्ही पाहिली आहेत. मुकादमाची उचल घेतलेली, एका कोयत्यात नवरा-बायको दोघे, आणि एक खाडा झाला की पैसे कापले जाणार. या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात आहेत, ही ओरड २०१९ साली वर्तमानपत्रांत आली आणि महिला संघटनांनी ती लावून धरली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक, आणि त्यांतल्या पुष्कळ अजून चाळिशीच्या आतल्या. साध्या तक्रारीवर कर्करोगाची भीती घातली, पाळीमुळे खाडे होऊ नयेत म्हणून बाईनेही होकार दिला, अशा हकीकती पुढे आल्या. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयाने ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. एकेका बाईच्या तोंडून हेच गाऱ्हाणे आले असते, तर ते ऐकून विसरले गेले असते.

गावाला बोलते करणारा

तिसरी ताकद माणसे जोडण्याची. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्या अशिक्षित बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे जगभरची माणसे शिकायला येत राहिली, ती कुठल्या यंत्रासाठी नव्हे. गावाने स्वतःच्या आरोग्याचा विचार स्वतः करणे कसे जमते, ते पाहायला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्यातूनच महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था तिची राज्यपातळीवरची सूत्रे सांभाळत होती. सुरुवात अमरावती, नंदुरबार, तेव्हाचा उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत झाली. गावकऱ्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, औषधे आहेत का, डॉक्टर मुक्कामी राहतात का, कोणी पैसे मागते का, हे लिहून काढायचे, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. ज्या बाईने जन्मात माईक हातात धरला नाही, ती तिथे उभी राहून बोलते. तिला बोलायचे धाडस आणि कागद दोन्ही पुरवणारा जो कार्यकर्ता असतो, तो याच विद्येचा.

हे शिक्षण कुठे मिळते?

आता कामाचे बोलू. पदवीनंतर तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट समाजकार्याची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळतो. वर्गातल्या अभ्यासाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. म्हणजे आठवड्यातले काही दिवस रुग्णालयात, वस्तीत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम. वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय घेतला, की रुग्णालयाचा दरवाजा उघडतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून, निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देत आली आहे. नागपूर आणि इतर शहरांतही समाजकार्य महाविद्यालये आहेत. टाटा संस्थेचे एक केंद्र धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला आहे. मराठवाड्यातल्या मुलांनी ते अवश्य पाहावे.

दुसरी वाट सार्वजनिक आरोग्याची, एम.पी.एच. हाही दोन वर्षांचा. रोग कसे पसरतात, आकडे कसे गोळा करावेत, सरकारचा आरोग्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, धोरण कसे ठरते, हे यात शिकवतात. डॉक्टर असलाच पाहिजे अशी अट अनेक ठिकाणी नसते. टाटा संस्थेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. आकड्यांची आवड असेल, तर मुंबईत देवनारला १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हे तिचेच काम.

माझ्या कृषी पदवीधर मित्रांना इथे खास सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो, हे आपल्याला ठाऊक असते. विषबाधा झाल्यावर डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरला उतारा ठरवता येतो, हेही ठाऊक असते. पण किती मजुरांना हातमोजे मिळाले, कोणते औषध कोणत्या औषधात मिसळले, रुग्णालयात नोंद कशी झाली, हे मोजून सरकारपुढे मांडणारा माणूस शेती आणि आरोग्य दोन्ही जाणणारा हवा. बी.एस्सी. कृषीनंतर एम.पी.एच. केलेला मुलगा या कामी फार उपयोगी पडेल.

तिसरी वाट कायद्याची. पदवीनंतर तीन वर्षांचा एल.एल.बी. करून आरोग्याच्या प्रश्नांत लक्ष घालायचे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले आहे. तालुक्याच्या गावी हा विषय अभ्यासलेला वकील सापडणे आजही कठीण आहे.

नोकरीचे खरे चित्र

बियाण्याच्या पिशवीवर जसे सगळेच दाणे उगवतील असे छापत नाहीत, तसे मीही इथे सोन्याचे दिवस दाखवणार नाही. भारतात रुग्णालयातला पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. आज सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद आहे. काम मानाचे आहे आणि पगार सरकारी श्रेणीचा. पण जागा मोजक्या आणि भरती जेव्हा निघेल तेव्हाच. धर्मादाय आणि मोठ्या खासगी रुग्णालयांतही वैद्यकीय समाजसेवक असतात.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा आणि तालुका पातळीवर समन्वयक, समुपदेशक, कार्यक्रम व्यवस्थापक अशा जागा असतात. त्या बहुतेक कंत्राटी असतात. योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. योजनेत येणाऱ्या रुग्णाची तिथेच पहिली गाठ पडते. या कामाला पदव्युत्तर शिक्षणाची सक्ती नसते, म्हणून नवशिक्याला अनुभव घ्यायला ते चांगले. स्वयंसेवी संस्थांत काम भरपूर आणि शिकायलाही खूप, पण प्रकल्पाचा निधी संपला की नोकरीही संपते, हे धरून चालावे. संशोधन संस्थांत पाहणीची कामे निघतात, त्यांत गावात फिरण्याची तयारी आणि स्थानिक बोली येणाऱ्याला मागणी असते. आपल्या मुलांची हीच जमेची बाजू. अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू येणारी मुलगी जे बाईकडून ऐकू शकते, ते शहरातला विद्वान ऐकू शकत नाही.

सुरुवातीचा पगार शिक्षकाएवढा किंवा बँकेतल्या मुलाएवढा मिळेल, असे समजून या वाटेला लागू नये. त्याचबरोबर, चार-पाच वर्षे मन लावून काम केलेल्या माणसाला काम शोधत बसावे लागत नाही, हेही खरे.

फी भरण्याआधी हा हिशेब मांडा

नवे पीक घेताना आपण आधी एक गुंठा लावून बघतो. इथेही तसेच करा. प्रवेश घेण्याआधी मुलाला किंवा मुलीला सहा महिने कामाची चव घेऊ द्या. गावच्या आशाताईंबरोबर फिरू द्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीची बैठक बघू द्या, जिल्हा रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटू द्या. 'सर्च'चा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम २००६ पासून चालतो, त्याची चौकशी करा. सहा महिन्यांनंतरही मुलगी उत्साहाने बोलत असेल, तर पैसा वाया जाणार नाही.

संस्था निवडताना चार प्रश्न विचारा. ती कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि पदवीला मान्यता कोणाची? क्षेत्रकार्य कुठे करवून घेतात आणि त्यावर देखरेख कोणाची? मागच्या दोन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात? वसतिगृह आणि खाणावळ धरून दोन वर्षांचा एकूण खर्च किती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळणारी संस्था असेल, तर परत फिरा. ज्या खासगी संस्था भरमसाट फी सांगून नोकरीची हमी देतात, त्यांच्यासाठी जमीन गहाण टाकू नका. या कामात पगार सावकाश वाढतो. मोठे कर्ज त्याला पेलणार नाही.

शिष्यवृत्त्या नीट पाहा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, आणि मागास प्रवर्गांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत. २०२४-२५ पासून राज्यात ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळू लागली. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. प्रवेशपरीक्षांचे नियमही बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण माना.

आणि घरात आजच करण्यासारखे

भगिनींनो, हे सारे शिकून मुलगी परत येईपर्यंत वाट पाहायला नको. घरातल्या प्रत्येक माणसाच्या आजाराचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. शिधापत्रिका, आधार आणि उत्पन्नाचा दाखला त्याच पिशवीत असू द्या. तालुक्यात आणि जिल्ह्यात योजनेतली रुग्णालये कोणती, धर्मादाय कोणती, ही यादी घरातल्या शिकलेल्या पोराकडून काढून भिंतीला चिकटवा. रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्र कुठे बसतात, हे अनामत भरण्याआधी विचारा. सुट्टी झाली की केसपेपरची प्रत मागून घ्या. रुग्णाने कागद मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावेत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचाच नियम आहे.

ही यादी काढताना तुमच्या घरातला कोणता मुलगा किंवा मुलगी मन लावून बसते, दोन ठिकाणी फोन करून खात्री करते, शेजारच्या काकूंच्या घरीही एक प्रत नेऊन देते, तेवढे लक्षात ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात प्रवेशाची पत्रके निघतील, तेव्हा त्या मुलाशी किंवा मुलीशी या वाटेबद्दल एकदा मोकळेपणाने बोला.